अव्वाचा दगड

गाईच्या गळ्यातली घंटी वाजली की आमचा आज्जा उठून उभा राहायचा. जेवत असला तरी. हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवायचा, हात धोतराला पुसायचा आणि गोठ्याकडं तोंड करून ताठ उभा. मग त्याच्या ध्यानात यायचं की ही गाय आहे, साहेब नाही, आणि तो ओशाळून पुन्हा खाली बसायचा. एकतीस वर्षं त्यानं तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई म्हणून काढली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती, पण कान अजून नोकरीतच होते.

आज्जीला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. अव्वा होती तोवर हे तिचं रोजचं हसू होतं. "बसा की ओ," म्हणायची. "गाय हाय ती. तिला कुटं तुमची फाईल पायजे?" आज्जा खाली बसून मुकाट्यानं पुढचा घास घ्यायचा. तो बसेपर्यंत ती स्वतः जेवायची नाही, ताटाकडं बघत थांबायची.

अव्वा जाऊन पाच वर्षं झाली. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात आणि तसंच मातीआड करतात. अव्वाला रानात विहिरीच्या वरच्या अंगाला, तिनंच लावलेल्या बेलाखाली बसवलं. वर गुडघ्याएवढा ओटा बांधला. मी तेव्हा नववीला होते. सगळे रडत होते आणि माझ्या मनात एकच होतं, की बरं झालं ती आडवी नाही, बसलेली आहे. म्हणजे तिला आमचं बोलणं ऐकू जात असेल.

विहिरीवर तिचा धुण्याचा दगड होता. चाळीस वर्षांच्या धुण्यानं मधोमध खोलगट झालेला. ती गेल्यावर त्यावर कुणी पाय दिलेला आज्जाला खपेना. एक दिवस त्यानं पहारीनं तो दगड एकट्यानं उपटला, लोटत लोटत बांधाच्या टोकाला नेला आणि तिथं उभा रोवला. दर शिवरात्रीला तो त्याला चुना लावायचा. आई एकदा म्हणाली, "आप्पा, दगडाला चुना कामून?" आज्जा म्हणाला, "लांबून दिसाव म्हून." 

मी नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. गावात हे सांगितलं की बायका विचारतात, "येड्यांचं का गं?" मी हाव म्हणून मोकळी होते. यंदा परीक्षा संपवून जानेवारीत गावी आले, जळकोटला उतरून पुढं टमटमनं. त्याआधीच्या चाचणीत एक प्रश्न होता, माणसं अधिकारी व्यक्तीची आज्ञा का पाळतात. मी तो चार पानं लिहिला. परदेशातला एक प्रयोग लिहिला, ज्यात कोट घातलेला माणूस शांतपणे म्हणत राहतो, पुढं चालू ठेवा, आणि साधी सज्जन माणसं दुसऱ्याला विजेचे झटके देत राहतात. झटके खोटे असतात, पण देणाऱ्यांना ते माहीत नसतं. त्यांच्या अंगाला घाम सुटतो, ओठ चावतात, आणि तरी त्यातली निम्म्याहून जास्त माणसं शेवटच्या बटणापर्यंत जातात. त्या उत्तराला मला पंधरापैकी तेरा पडले. मॅडमनी वर्गात वाचूनही दाखवलं. हे सगळं मी फुशारकीनं सांगते आहे असं वाटेल, पण पुढं काय झालं ते ऐका.

तुरी कापायला आल्या होत्या. तूर पहाट फुटता फुटता कापावी लागते, दवानं शेंग ओली असते तोवर. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. त्या आठवड्यात धुकं असं पडायचं, की शेजारच्या सरीतली आई दिसायची नाही, नुसता विळ्याचा आवाज यायचा. सर्र, सर्र. पप्पा, म्हणजे संगमेश्वर, पुढं असायचे, मागं आई, तिच्या मागं मी पेंढ्या बांधत. माझ्या बोटांना नांदेडची सवय लागलेली, पहिल्याच दिवशी सोलून निघाली. आज्जा सगळ्यांत शेवटी, पेंढ्या उचलून बांधावर नेऊन उभ्या करायचा. धुक्यात तो आणि त्याच्या पेंढ्या सारख्याच दिसायच्या. मी दोनदा पेंढीलाच हाक मारली.

त्या धुक्यातून साहेब आला.

आधी तीन पायांची तिपाई दिसली, मग तिच्यावरचं मशीन, मग ते खांद्यावर घेऊन येणारा माणूस. अंगात पोपटी चकाकतं जाकीट, डोक्यावर पांढरी टोपी, प्लास्टिकची. वय माझ्याहून पाच-सहा वर्षांनी जास्त असेल. खाली सडकेवर त्याची जीप उभी होती. नाव सत्यम, असं त्यानं नंतर सांगितलं, पण नावानं त्याला कुणी हाक मारली नाही. जाकीट बघून पप्पांनीही विळा खाली ठेवला होता.

बाह्यवळण रस्ता आमच्या रानातून जाणार हे गावाला वर्षापासून माहीत होतं. पण तो खालच्या अंगानं, ओढ्याकडेच्या मुरमाड पट्ट्यातून जाणार होता. तिथं बोरी-बाभळींशिवाय काही नव्हतं. नकाशा दाखवून तसं सांगितलंही होतं, आणि पप्पा जाऊ द्या म्हणाले होते. आता त्याच्या खुंट्या ठोकायला हा साहेब आला होता. आकाशातून मोजणारं मशीन बिघडलंय, म्हणून जुन्या पद्धतीनं हद्दीच्या दगडापासून मोजणार, असं तो म्हणाला. मोजणीची काठी धरायला एक माणूस पाहिजे होता.

"मी येतो की साहेब," आज्जा म्हणाला. पप्पा काही बोलायच्या आत तो चालायलाही लागला.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी आम्ही तुरीतच होतो आणि तूर रानाच्या दुसऱ्या टोकाला होती. धुकं विरळ झाल्यावर लांबून एवढं दिसलं, की आज्जा डोक्याला काच लावलेली एक लांब काठी धरून उभा आहे. साहेब मशीनला डोळा लावून हात करी, डावीकडं, उजवीकडं, अजून थोडं, आणि आज्जा तसा सरके. इतका ताठ मी त्याला पाच वर्षांत बघितला नव्हता. मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आई मात्र चिडली. "हितं एक हात कमी पडून राहिला आन् आप्पा तिकडं काठी धरून नाचून राहिलेत," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवताना आज्जाच्या तोंडात साहेबाशिवाय विषय नव्हता. साहेब लई हुशार हाय. साहेबानं मला पानी पाज म्हनलं, मी तांब्या घासून दिला. साहेबानं खुंट्या ठोक म्हनलं, मी चौदा ठोकल्या.

"आप्पा, त्या खुंट्या बेलाकडं कशा चालल्या? रस्ता तर खालून व्हता," पप्पा म्हणाले.

आज्जानं भाकरी मोडली. "साहेबाला माहीत," म्हणाला.

"नकाशा बदलला का काय?"

"वरून आलं आसंल."

वरून आलं म्हटल्यावर पप्पा गप्प झाले. आमच्या घरात हा शब्द फार जुना आहे. त्याच्यापुढं कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जा खाकी पॅन्ट घालून बाहेर आला. ट्रंकेतली, नोकरीतली. कमरेत ढगळ होत होती म्हणून त्यानं वरून सुतळी बांधली होती. आई पदर तोंडाला लावून आत गेली, हसायला की रडायला ते मला कळलं नाही.

दुपारी मी त्याची भाकरी घेऊन खाली गेले. धुकं उठलं होतं, पण उन्हालाही त्या दिवसांत झोप लागल्यासारखी होती, सगळं मऊ आणि लांब लांब वाटायचं. करडईची पिवळी फुलं उघडली होती. साहेब जीपमध्ये डबा खात होता. तिपाई बांधाच्या टोकाला उभी होती आणि तिच्या बरोबर मधोमध, मशीनच्या पोटाखाली, अव्वाचा धुण्याचा दगड होता.

मी दोनदा बघितलं. पाच शिवरात्रींचा चुना त्यावर होता.

आज्जा बोरीच्या सावलीत काठी धरून उभा होता. साहेब जेवायला गेला होता तरी उभाच. मी म्हटलं, "आज्जा, ह्यानं हा दगड हद्दीचा म्हणून धरला?"

"हाव."

"अरे, हा अव्वाचा दगड आहे!"

"मला पयल्याच दिशी दिसलं ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

आज्जानं काचेकडं बघितलं. मग म्हणाला, "त्येनं इचारलं, हद्दीचा दगड कुटाय. म्या सांगायला त्वांड उघडलं. तवर त्येला चुना दिसला. म्हनला, हाच की, चुना लावलाय. आन् म्हनला, बाबा, ही काठी धरा."

"मग?"

"मग धरली."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. खरा हद्दीचा दगड खाली होता, ओढ्याच्या वर बोरीच्या काट्यात झाकलेला, सत्तर-ऐंशी पावलं लांब. मोजणी तिथून सुरू झाली असती तर रस्ता मुरमाडातून गेला असता. आता तो सरळ बेलावर आणि ओट्यावर येत होता. उद्या तिथं खुंटी बसली असती आणि कागदावर अव्वाच्या डोक्यावरून गाड्या सुरू झाल्या असत्या. आणि हे सगळं कशामुळं, तर आज्जानं तिच्या आठवणीला चुना लावला म्हणून.

"तू साहेबाला आत्ताच्या आत्ता सांग," मी म्हटलं.

"साहेबाला चूक कशी सांगाव गं, मंजे?"

"तोंडानं!"

तो खाली बसेना म्हणून मीही उभी राहिले. मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. नोकरीच्या नवव्या-दहाव्या वर्षी एका साहेबानं एकाच्या फाईलवर दुसऱ्याच माणसाचा हुकूम लिहिला. दोघांचंही नाव रामलिंग. आज्जाच्या ते लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, साहेब, हा त्यो रामलिंग न्हाई. साहेब आवाज न चढवता म्हणाला, तू मला सांगणार? जा, कचेरीच्या ओट्यावर उभा राहा, मी बोलवेपर्यंत. एप्रिलचं ऊन होतं. दुपारी अव्वा गावातून डबा घेऊन आली. नऊ किलोमीटर चालत. तिनं त्याला उन्हात उभा बघितलं. लोक येत-जात होते.  अव्वा पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, बसा की ओ जरा माझ्याजवळ. दोन घास खा.

"मग बसलास?"

"साहेबानं उभं ऱ्हा म्हनलं व्हतं."

संध्याकाळी पाचला घंटी वाजेपर्यंत तो उभा होता आणि ती बसून होती. डबा तसाच परत गेला. "जल्मात तिनं मला येकच मागितलं," आज्जा म्हणाला. "लुगडं न्हाई मागितलं, डागिना न्हाई मागितला. बसा म्हनली. त्येवडं बी मी दिलं न्हाई." त्याच्या हातातली काठी अजून सरळ होती.

मी म्हटलं, थांब, मीच सांगते. आणि तरातरा जीपकडं गेले. माझ्या डोक्यात ती चार पानं होती. मला सगळं माहीत होतं, की माणूस जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळा होतो, की कपड्याला घाबरतो, की पहिली गोष्ट इतकी छोटी असते की नाही म्हणायला लाज वाटते.

साहेब डबा धुऊन वर येतच होता. मला बघून हसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. जरा ही छत्री धरता का मशीनवर? ऊन लागलं की आकडा हलतो."

मी छत्री धरली.

कशी धरली ते मला आजही सांगता येत नाही. हात पुढं गेला आणि छत्री त्यात होती. मनाशी म्हटलं, एवढा आकडा होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, हा एवढा होऊ दे. दीड तास मी ती छत्री धरून होते. खाली, माझ्या पायाशी अव्वाचा दगड. त्याच्या माथ्यावर साहेबानं पेन ठेवलं होतं.

शेवटी मी म्हटलं, "सर, हा दगड..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं मला हातानं थांबवलं. फोन कानाला लावताच त्याच्या टाचा एकमेकींना चिकटल्या, मान ताठ झाली. "हो सर. हो सर. उद्या संपतं सर. नाही सर, काही अडचण नाही सर." मैलभर मोकळं रान होतं, त्याला बघायला मी, पलीकडं काठी धरलेला आज्जा आणि दोन साळुंक्या. तरी तो फोनपुढं सावधान उभा होता. अगदी आज्जासारखा. फोन ठेवून त्यानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "काय म्हणत होता मॅडम?"

"काही नाही सर," मी म्हटलं.

पंधरापैकी तेरा!

परत जाताना आज्जा म्हणाला, "घरी काय बोलू नको. संग्या तापट हाय, भांडन करंल. उद्या मी सांगतो." मी बोलले नाही. आज्जा म्हणाला म्हणून गप्प बसले की छत्रीची लाज वाटली म्हणून, हे मी अजून ठरवलेलं नाही. माझ्या मनात मी त्या दिवशी स्वतःचे तेरा मार्क काढून घेतले.

तिसऱ्या दिवशी धुकं सगळ्यांत दाट होतं. तुरीच्या कापायच्या राहिलेल्या तीन सऱ्या सोडून पप्पांनी घण घेतला, कारण साहेबानं निरोप धाडला होता की शेवटच्या खुंट्या जाड आहेत. आईही आली. लाईन बेलाला भिडली हे आता त्यांनाही दिसलं होतं. वाटेत आज्जा माझ्याजवळ आला. आज त्यानं खाकी घातली नव्हती, धोतर नेसला होता आणि कमरेला फडक्यात बांधलेली भाकरी होती.

"पाटं सपनात अव्वा दिसली," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. हिरीवर धुनं धुवून राहिली व्हती. दगड जागेवरच व्हता. म्या म्हनलं, काय धुतीस गं, तर तिनं वर करून दावलं. माझी खाकी." थोडं चालून तो म्हणाला, "लई घान झाली व्हती."

धुक्यात बेल दिसत नव्हता, नुसता ओटा दिसत होता, आणि त्याच्यावर आदल्या सोमवारी वाहिलेली पानं. वाटलं, धुकं उठेल तेव्हा अव्वा खरीच तिथं बसलेली असेल, मांडी घालून, ताटाकडं बघत. साहेबानं मशीनवरून हात केला. मग स्वतः चालत आला आणि ओट्याच्या पायाशी, अगदी विटेला लागून, बुटाच्या टोकानं फुली मारली.

"साहेब," पप्पा म्हणाले, "हितं माझी माय हाय."

साहेबानं टोपी काढली. तो वाईट माणूस नव्हता. "मला दिसतंय दादा. पण लाईन वरून आलीय, मी फक्त खुणा करतो. तुम्हाला नोटीस येईल, समाधी हलवायला वेळ देतील."

"बसलेल्या मानसाला कसं हलवायचं?" आई म्हणाली.  साहेबानं टोपी पुन्हा घातली.

पप्पांनी घण खाली सोडला. त्यांच्या हातून ते होणार नव्हतं. मी आज्जाकडं बघत होते. बोल ना, मी मनात ओरडत होते, बोल आता. आज्जानं वाकून घण उचलला. दुसऱ्या हातात खुंटी घेतली, फुलीवर टेकवली. आईनं तोंड फिरवलं.

"हं बाबा, ठोका," साहेब म्हणाला.

आज्जानं घण वर नेला. तो खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. गळ्याची शीर वर आली. कितीतरी वेळ तो तसा होता. मग त्यानं घण हळूच बाजूला ठेवला, खुंटी त्याच्यावर आडवी ठेवली, एक हात ओट्याला लावला आणि गुडघे मोडून, मांडी घालून, साहेबाच्या समोर त्या फुलीवर बसला.

आम्ही कुणीच आज्जाला साहेबापुढं बसलेला बघितला नव्हता.

"काय झालं बाबा? चक्कर आली का?"

"न्हाई साहेब. बसलो."

"अहो पण उठा. शेवटच्या चारच खुंट्या राहिल्यात."

आज्जाच्या कपाळाला त्या थंडीत घाम आला होता. तो वर बघत नव्हता, साहेबाच्या बुटांकडं बघून बोलत होता. "दगड चुकीचा हाय साहेब."

"कुठला दगड?"

"तुमी जितनं मोजलाव त्यो. त्यो हद्दीचा न्हाई. ही माझी बायकू, तिचा धुन्याचा दगड हाय त्यो. चुना मीच लावलेला. हद्दीचा खाली हाय, बोरीच्या काट्यात. वर आकडा कोरलाय."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. साहेबाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"अहो, मग तीन दिवस काठी कशाला धरलीत?"

"तुमी धरा म्हनलाव," आज्जा म्हणाला.

 खरं म्हणजे साहेबानं ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण तो आज्जाकडं नुसता बघत राहिला, जणू त्याला कुणीतरी त्याचीच गोष्ट सांगितली होती. पप्पा कुऱ्हाड आणायला पळाले. मग मीही पुढं झाले आणि म्हटलं, "सर, मलाही परवापासून... कालपासून माहीत होतं. छत्री धरली तेव्हा सांगायचं होतं." 

ओढ्यावर पप्पांनी काटे तोडले. पाच-सात घावांतच दगड दिसला. शेवाळलेला, एका अंगाला कललेला, आणि वर पुसट आकडा. साहेबानं गुडघ्यावर बसून तो बोटानं साफ केला, नकाशाशी ताडून बघितला, पुन्हा साफ केला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठला, टाचा जुळल्या, मान ताठ झाली. "हो सर," तो म्हणाला. मग थांबला. पलीकडून बोलणं चालूच होतं. त्याचा दुसरा हात जाकिटाची कड चुरगळत होता. "नाही सर. आज संपणार नाही. चूक झालीय सर, माझी. पहिल्यापासून मोजतो." पलीकडचा आवाज आम्हाला चार हातांवरून ऐकू येत होता. साहेबानं तो सगळा ऐकून घेतला, पण शब्द बदलला नाही.

धुकं उठत होतं. आम्ही परत वर आलो तेव्हा आज्जा तिथंच होता, ओट्याला पाठ टेकून. बेलाचा शेंडा आता स्पष्ट दिसत होता. बायकांची खाली तूर तोडायची हाकाटी सुरू झाली होती, आमच्या शेंगा तडकायच्या बेतात होत्या, तरी आई जागची हलली नाही.

"चला बाबा," साहेब म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "उठा, काठी धरा. खालून सुरुवात करू."

आज्जाचे दोन्ही हात आपोआप गुडघ्यांवर गेले. अंग उचललं, पाठ ओट्यापासून सुटली. एकतीस वर्षं होती ती.  तो अर्ध्यावर थांबला, मागं वळून ओट्याकडं त्यानं बघितलं, आणि पुन्हा खाली टेकला.

"पोरीला न्या साहेब," तो म्हणाला. "मी बसतो जरा."

मी काठी उचलली. आज्जानं कमरेचं फडकं सोडलं, भाकरी काढली, मधोमध मोडली. एक अर्धी ओट्यावर ठेवली, बेलाच्या पानांशेजारी, आणि दुसरीतला तुकडा तोंडात घातला.

खाली विहिरीपाशी गाईनं मान हलवली. घंटी वाजली. मी, पप्पा, आई, आम्ही तिघंही आज्जाकडं वळून बघायला लागलो.

आज्जा चावत राहिला.

"गाय हाय ती," तो म्हणाला.